गालगुंड उर्फ मंगनबावू: घरी काय करायचं, डॉक्टरकडे कधी पळायचं आणि लसीच्या कार्डात काय बघायचं

पोराचा गाल सुजला की आमच्याकडे दोन भाषांत दोन नावं एकदम तोंडात येतात, मराठीत गालगुंड आणि कन्नडात मंगनबावू. मंग म्हणजे माकड, बावू म्हणजे सूज, आणि खरंच माकडानं शेंगदाणे गालात कोंबून ठेवावेत तसं तोंड दिसतंय. माझ्या मोठ्याला, तिसरीत आहे तो, मार्चच्या पहिल्या आठवड्यात झालं, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर, आणि त्याच्याकडनं नंतर माझ्या दिराला झालं, आणि दिराचं प्रकरण जरा वेगळ्याच वाटेनं गेलं. मी डॉक्टर नाही, बेळगावच्या वडगावातली साधी गृहिणी, पण त्या महिना-सव्वा महिन्यात मुलांच्या डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्येच म्हणाले, "ताई, वही करा." तर वही केली, त्यातलं हे.

कान दुखतोय म्हणाला आणि निघालं भलतंच

आदल्या दिवशी संध्याकाळी पोरगं गप्प गप्प, अंगात कणकण, डोकं दुखायलंय म्हणाला, जेवला नाही. मला वाटलं उन्हात खेळून आलाय. सकाळी उठला तर "आई, कान दुखायलाय." कानात टॉर्च मारून बघितलं, काही नाही. दुपारी वरणभात आणि बाजूला लिंबाचं लोणचं, त्यानं लोणच्याची फोड जिभेला लावली आणि असा ओरडला की हातातला चमचा खाली पडला, दोन्ही हातांनी कानाखाली जबडा धरून बसला. आत्ती (माझ्या सासूबाई) चुलीजवळनंच म्हणाल्या, "मंगनबावू हाय त्ये." आणि बरोबर होतं त्यांचं.

लोणच्यानं का कळतं ते सांगते. कानाच्या पुढं आणि खाली, जबड्याच्या मागं लाळेची मोठी ग्रंथी असते, दोन्ही बाजूला एकेक. गालगुंडाचा विषाणू तिथं जाऊन बसतो आणि ती सुजते. आंबट लागलं की ग्रंथी लाळ सोडायला जोर लावते, आणि सुजलेल्या ग्रंथीनं जोर लावला की कळ येणारच. त्यामुळं लिंबू, चिंच, कैरी, आमसूल यांनी दुखलं तर संशय घ्यायला जागा आहे. म्हणून मुद्दाम लिंबू चाटवून परीक्षा बघू नका हां, आधीच कळवळतंय लेकरू.

बघायचं कसं, तर पोराला समोर बसवा आणि दोन्ही बाजू ताडून बघा. गालगुंडात कानाची पाळी थोडी वर आणि बाहेर उचलल्यासारखी दिसते, आणि जबड्याचा जो कोपरा असतो, कानाखाली बोट फिरवलं की लागतो तो, तो सुजेत बुडून जातो, हाताला लागतच नाही. गळ्यात नुसत्या गाठी आल्या असतील, घसा-सर्दीत येतात तशा, तर त्या जबड्याच्या खालच्या बाजूला गोल गोल लागतात आणि कोपरा तसाच हाताला लागतो. दाढ किडून सूज आली असली तर हिरडी बघा, दाढेवर बोटानं टकटक केलं की पोरगं उडतंय. मोठ्या माणसांत कधी लाळेच्या नळीत खडा अडकतो, तेव्हा जेवायला बसलं की सूज चढते आणि तासा-दोन तासांत उतरते, ते गालगुंड नाही. आणि सुजेवरची कातडी लालभडक, गरम, तोंडात वरच्या दाढेसमोर गालाच्या आतनं पू यायलाय असं असेल तर तो जंतूंचा पू आहे, त्याला औषध वेगळं आणि लगेच लागतं.

एक गोष्ट मात्र घरात बसून ठरवायची नाही. मान दोन्ही बाजूनं बैलासारखी सुजलीय, घशात राखाडी पांढरट पापुद्रा दिसतोय, श्वासाला आवाज येतोय, तर घटसर्प असू शकतो, कन्नडात गंटलमारी म्हणतात तो. गेला तो रोग असं समजू नका, लसी चुकलेल्या मुलांत अजून होतो. तिथं वाट बघायची नाही, रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात.

आमच्या पोराची एका बाजूची सूज आधी आली आणि दुसऱ्या दिवशी रात्री दुसरी बाजू. दहातल्या साधारण सात जणांना दोन्ही बाजूला येते, बाकीच्यांना एकाच बाजूवर भागतं. पहिले एक ते तीन दिवस सूज वाढत जाते, मग उतरायला लागते आणि दहाएक दिवसांत चेहरा जागेवर येतो. डॉक्टरांनी रक्त वगैरे काही काढलं नाही, नुसतं बघून सांगितलं. कधी कधी अमायलेज नावाची तपासणी लिहितात, ती वाढलेली आली की कुणीतरी घाबरवतं की स्वादुपिंडाला सूज आली, पण लाळेच्या ग्रंथीतनंही तेच अमायलेज येतं, म्हणून गालगुंडात ते वाढतंच. पोट दुखत नसेल, उलट्या नसतील तर त्या एका आकड्यावरनं झोप उडवून घेऊ नका.

पिपाणी आणि कॅलेंडर

आला कुठनं हा रोग, हे आत्तींनी आणि मी कॅलेंडरवर बोट ठेवून शोधलं. लागण झाल्यापासनं त्रास सुरू व्हायला साधारण १६ ते १८ दिवस जातात, लवकरात लवकर १२, उशिरात उशिरा २५. मागं मोजत गेलो तर बरोबर भारत पुनवेची (माघ पौर्णिमेची) सौंदत्ती यल्लम्माची जत्रा. ट्रॅक्टरमधनं गेलो होतो, वीसेक माणसं, आणि भाऊबंदांच्या चार पोरांत मिळून एकच पिपाणी. एकानं वाजवायची, दुसऱ्यानं हिसकावून तशीच तोंडात. त्यातल्या एकाचा गाल जत्रेहून आल्यावर दोन दिवसांत सुजला होता म्हणे, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. यल्लम्माचा कोप वगैरे काही नाही हो, लाळेतनं जातो हा. खोकला, शिंक, जवळ येऊन बोलणं, एकाच तांब्याला तोंड लावून पाणी, उष्टा चमचा, उष्टा पेप्सीकोला.

आणि खरी खोच इथं आहे. सूज यायच्या दोन दिवस आधीपासनं (कधी त्याच्याही आधीपासनं) पोरगं दुसऱ्याला देऊ शकतं, म्हणजे तुम्हाला कळेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. बऱ्याच जणांना तर गाल सुजतच नाही, नुसता ताप-सर्दीसारखं होऊन जातं, तेही दुसऱ्याला देतात. म्हणून सूज दिसल्यावर घरात डांबून काय उपयोग असं काही जण म्हणतात, पण उपयोग आहे, सूज आल्यापासनं पुढचे पाच दिवसही तो पसरतोच. तेवढे पाच दिवस शाळा नाही, ट्यूशन नाही, लग्न नाही, वाढदिवस नाही. आमच्याकडे शाळेतनं फोन आला, "परीक्षा आहे, मफलर बांधून पाठवा की," तिसरा दिवस होता. मफलरनं सूज झाकते, विषाणू झाकत नाही. मी डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली आणि पेपर नंतर घेतला त्यांनी. तुम्हीपण चिठ्ठी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा, तारखेसकट, नंतर मागायला गेलं की दोन खेपा होतात.

घरात ताट, वाटी, तांब्या, टॉवेल वेगळा, हात साबणानं. एका खोलीच्या घरात वेगळं कुठं ठेवणार, आमचं तर पुढं लूम आणि मागं स्वयंपाकघर, तरी झोपायला त्याची जागा खिडकीजवळ केली आणि धाकटीला आत्तींजवळ. घरात कुणी पोटुशी असेल तर तिला त्या पाच दिवसांत लांब ठेवा आणि जवळ आलीच असेल तर तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि बाकीच्या पोरांवर २५ दिवस नजर, आठ दिवसांत काही झालं नाही म्हणजे सुटलो असं नाही. आम्ही असंच सुटलो म्हणून बसलो आणि सतराव्या दिवशी दीर सापडला.

औषध नाही, पण करायला भरपूर आहे

या विषाणूला मारणारं औषध नाही. शरीरच त्याला आठ-दहा दिवसांत हाकलतं, आपण फक्त दुखणं आणि ताप कमी करायचा, पोटात पाणी जाईल ते बघायचं. अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. मेडिकलमध्ये गाल दाखवला तर काउंटरवरच्या पोरानं लगेच पाच दिवसांचा कोर्स काढून ठेवला, मी परत दिला.

ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल. इथं जरा थांबून वाचा कारण इथं चूक मी स्वतः करणार होते. सिरप एकाच नावाचं, एकाच रंगाचं, पण बाटलीवर बारीक अक्षरात कुठं ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, कुठं २५०. घरात जुनी बाटली १२५ ची होती, नवीन आणली ती २५० ची, आणि मी जुन्याच मापानं ओतायला लागले होते, म्हणजे सरळ दुप्पट गेलं असतं. हिशेब असा की एका वेळेला किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम. पोरगं २० किलोचं असलं तर २०० ते ३०० मिलिग्रॅम, म्हणजे २५० वाली बाटली असेल तर ४ ते ६ मिली आणि १२० वाली असेल तर ८ ते १२ मिली. दोन डोसमध्ये कमीत कमी चार ते सहा तास, दिवसरात्रीत चारच्या वर नाही, आणि बाटलीबरोबर येतं त्या मापानंच, स्वयंपाकाच्या चमच्यानं नको, आमच्या घरातले तीन चमचे तीन मापांचे आहेत. वजन माहीत नसेल तर डॉक्टरांकडनं चिठ्ठीवर मिली लिहून घ्या, "एक चमचा" असं नको. ॲस्पिरिन मुलांना अजिबात द्यायची नाही, विषाणूच्या आजारात ती दिली तर मेंदू आणि यकृताला इजा होणारा राय सिंड्रोम नावाचा घातक प्रकार होऊ शकतो. आणि पावसाळ्यात डेंगीची साथ चालू असेल तर आयबुप्रोफेनपण आपल्या मनानं नको, पॅरासिटामॉलवरच राहा.

खाणं हा मोठा विषय. चावलं की दुखतं, आंबट लागलं की दुखतं, म्हणजे मऊ आणि गोडं-अळणी. बेळगाव बासमतीचा आसट भात, त्यावर तूप-मीठ, मुगाचं पातळ वरण, केळ कुस्करून, दूधभात, रव्याची खीर, उकडून कुस्करलेला बटाटा. आंबील आपल्याकडे आजारपणात पहिली आठवते पण ती आंबवलेली, त्यात ताक, दोन घोट प्यायला आणि रडला, मग नाचणी दुधात शिजवून दिली ती चालली. ताक, दही, संत्र्याचा रस, टोमॅटोचं सार सगळं आठ दिवस बाजूला. कुणीतरी बघायला येताना गोकाकचं करदंट (डिंक-सुक्यामेव्याची चिवट मिठाई) घेऊन आलं, प्रेमानं आणलं पण करदंट चावायला आपल्यालाच जबडा लागतो, डब्यात ठेवून दिलं. कुंदा मात्र चालला, मऊ असतोय, त्यानं दिवसातनं दोनदा मागून खाल्ला आणि मी दिला, तापात पोटात काहीतरी गेलं म्हणून. पाणी सारखं घोट घोट, तोंड कोरडं पडतं कारण लाळ नीट येत नाही, स्ट्रॉनं पितंय तर स्ट्रॉनं. कोमट मीठपाण्याच्या गुळण्या जेवल्यावर. लघवी आठ-आठ तास झाली नाही, ओठ सुकले, रडताना डोळ्यातनं पाणी नाही, असं झालं तर पाणी कमी पडलंय.

शेक गरम का गार यावर घरात दोन पक्ष पडले. डॉक्टर म्हणाले पोराला ज्यानं बरं वाटेल ते. आमच्या पोराला गार हवं होतं, ओला रुमाल फ्रिजमध्ये ठेवून गालावर दहा दहा मिनिटं. बर्फ थेट कातडीवर घासायचा नाही.

आता लेप. आत्तींनी हळद उगाळून कोमट करून लावली, त्यानं काही बिघडलं नाही आणि काही घडलंपण नाही, पोराला आजीचा हात लागला तेवढं बरं वाटलं. पण हळदीत चुना घालायला निघाल्या तिथं मी अडवलं, गालाची कातडी पातळ असते, चुना भाजतो. बिब्बा तर नावच काढायचं नाही, डाग देणं नाही, मी लहानपणी गल्लीत बिब्ब्यानं उतलेला गाल बघितलाय, गालगुंड आठवड्यात गेलं आणि डाग अजून आहे. मंत्र-दोरा ज्याला बांधायचा त्यानं बांधावा, आठ दिवसांत सूज उतरणारच असते म्हणून दोऱ्याचं नाव होतंय एवढंच.

दिराची गोष्ट, म्हणजे गाल सोडून बाकीचं

लहान मुलांत गालगुंड बहुतेक वेळा गालावर येतं आणि गालावरनंच जातं. वयात आलेल्यांत तसं नाही. दीर चोवीस वर्षांचा, तालमीत जाणारा, तब्येत बघाल तर दरवाजातनं तिरपा आत येतो. गाल सुजला तर सगळे हसले, तोपण हसला. ताप दोन दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी परत थंडी वाजून ताप, कंबर दुखायलीय म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. दोन दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी चालताना पाय फाकवून चालला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी नवऱ्याला म्हटलं तुम्ही विचारा. तर अंडकोष एका बाजूला सुजून लिंबाएवढा लाल झालेला, आणि हा गडी वहिनीसमोर कसं सांगू म्हणून दोन दिवस गोळ्या खाऊन पडलेला. नंतर मी रागावले तर म्हणतो, "वहिनी, त्ये काय सांगायचं असतंय व्हय?" सांगायचंच असतंय भावोजी.

लस न घेतलेल्या, वयात आलेल्या पुरुषांत हे साधारण शंभरातल्या १५ ते ३० जणांना होतं, बहुतेक एकाच बाजूला, आणि गाल सुजल्यावर चार-आठ दिवसांनी, कधी आणखी उशिरा. म्हणजे गाल बरा झाला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, परत ताप चढला की विचारायचं. डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी केली, का तर अंडकोषाला पीळ पडला असला तरी असंच दुखतं, आणि पीळ असला तर पाच-सहा तासांत ऑपरेशन करावं लागतं नाहीतर अंडकोष वाचत नाही. म्हणून तरण्या पोरांनो, तिथं अचानक जोरात दुखलं तर गालगुंडाचंच असेल म्हणून घरात बसायचं नाही, रात्री दोन वाजता असलं तरी निघायचं. याला पीळ नव्हता. उपचार म्हणजे झोपून राहणं, दुखण्याची गोळी, टॉवेलात गुंडाळून गार शेक आणि खालनं आधार. आधाराला सपोर्टर घ्या म्हणाले डॉक्टर, नवरा म्हणाला याच्याकडे चार लंगोट आहेत, डॉक्टर हसले, म्हणाले चालेल, पण आवळून नको, उचलून धरेल एवढाच. तालीम पूर्ण बंद. आठवडाभरात सूज उतरली, दुखरेपणा मात्र बरेच दिवस राहिला.

आणि मग आत्तींचा प्रश्न, जो सगळ्या घराच्या पोटात होता. पोराचं लग्न व्हायचंय, आता मूल होईल ना? तर ऐका, सुजलेला अंडकोष नंतर थोडा बारीक होऊ शकतो, वीर्यातली संख्या काही काळ कमी होऊ शकते, पण एका बाजूचा चांगला असेल तर काम होतं, पूर्ण वांझपण क्वचित. शंका असेल तर काही महिन्यांनी वीर्याची तपासणी करता येते. पण गल्लीत ही बातमी पसरवायचं काही कारण नाही, स्थळं बघताना लोक नाही त्या गोष्टीला शेपूट लावतात. बायकांतपण अंडाशयाला सूज येऊ शकते, ओटीपोटात दुखतं, कमी जणींना होतं. छातीलाही कधी सूज येते.

दुसरं, डोकं. गालगुंडाचा विषाणू मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. थोडं डोकं सगळ्यांचंच दुखतं, पण फुटेल असं दुखायला लागलं, मान पुढं वाकवून हनुवटी छातीला लागत नाही, उजेड सहन होत नाही, उलट्या थांबत नाहीत, पोरगं गुंगीत आहे, बडबडतंय, झटका आला, यातलं काहीही असलं तर भरती करणाऱ्या दवाखान्यात जायचं, गावातल्या क्लिनिकात वेळ घालवायचा नाही. खानापूरच्या आतल्या वाड्यांतनं, अथणी-कागवाडकडनं बेळगाव लांब पडतं, १०८ ला फोन करा, कन्नड येत नसेल तरी गावाचं नाव आणि "मगू, ज्वर, फिट्स" (मगू म्हणजे मूल) एवढं सांगितलं तरी कळतं. पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखून पाठीत कळ आणि उलट्या, ते स्वादुपिंड, तेपण दवाखाना. ताप चार दिवसांच्या वर राहिला, गिळता येत नाही, श्वास लागला, तरी तसंच.

तिसरं मला सगळ्यात भीतीचं वाटलं कारण ते गुपचूप होतं. कान. क्वचित होतं, पण गालगुंडानं एका कानाचं ऐकणं अचानक जाऊ शकतं आणि कायमचं जाऊ शकतं. दुसरा कान चांगला असतो म्हणून पोरगं सगळं ऐकतं, हाक मारली की ओ देतं, आणि महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही. मी काय करायचे, रोज रात्री फोनवर आवाज एकदम बारीक करून आधी एका कानाला लावायचे, मग दुसऱ्या, आणि "काय म्हणाले?" विचारायचे. एक मिनिटाचं काम. एका कानाला "काहीच नाही" म्हटलं, किंवा चक्कर येतेय, कानात शीळ वाजतेय म्हटलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर. हे गाल उतरल्यावरही आठ-पंधरा दिवस चालू ठेवा.

कार्ड काढा कपाटातनं

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं, लस दिलीय का? मी ताठ मानेनं म्हटलं, सगळ्या दिल्यात, एक चुकवली नाही, अंगणवाडीत आशाताई बोलवायला यायच्या. तायी कार्ड (आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींचं सरकारी कार्ड) पुढं ठेवलं. कार्ड कन्नडात, मला अक्षरं जुळवून वाचता येतात पण अर्थ कुठं कळतोय, त्यांनी बोट ठेवून दाखवलं, इथं लिहिलंय "दडार-रुबेला". दडार म्हणजे गोवर. मंगनबावू कुठंय यात? नाहीच.

म्हणजे बघा, सरकारी लस आहे एमआर, गोवर आणि रुबेला. २०१७ च्या फेब्रुवारीत मोठी मोहीम झाली होती, कर्नाटक पहिल्या टप्प्यात होतं, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या पोरांना शाळेत टोचलं होतं, आठवत असेल. त्याच्या आधी सरकारी यादीत नुसती गोवराची होती. आता एमआर नऊ ते बारा महिन्यांत एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत एक अशी मिळते, फुकट मिळते, चांगली आहे, ती चुकवूच नका. पण गालगुंडाची लस आहे एमएमआर मध्ये, मधला एक एम जास्तीचा, मम्प्सचा म्हणजे गालगुंडाचा, आणि तो एम सरकारी यादीत नाही, खाजगीत पैसे देऊन घ्यावा लागतो. एका अक्षराचा फरक, आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या आया "एमएमआर झालीय" म्हणतात तेव्हा झालेली असते एमआर. २०२४ च्या सुरवातीला केरळपासनं महाराष्ट्र-दिल्लीपर्यंत गालगुंडाच्या साथीच्या बातम्या येत होत्या, त्यामागचं एक कारण हेच.

मुलांच्या डॉक्टरांच्या संघटनेचं वेळापत्रक आहे एमएमआर तीनदा, नऊ महिन्याला, पंधरा महिन्याला आणि चार ते सहा वर्षांच्या मध्ये. सरकारीत एमआर घेतली असली तरी नंतर एमएमआर घेता येते, गोवर-रुबेला परत गेल्यानं काही अपाय नाही, फक्त दोन्हीत चार आठवड्यांचं अंतर पाहिजे. मोठ्यांनाही, ज्यांना कधी गालगुंड झालं नाही आणि लस नाही, चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस घेता येतात. गरोदर बाईला द्यायची नाही, आणि घेतल्यावर एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. कॅन्सरचं औषध चालू आहे, प्रतिकारशक्ती फार कमी आहे, अशांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. जिवंत आहे म्हणूनच गार राहावा लागतो, २ ते ८ डिग्रीत, उजेडापासनं लांब. डॉक्टरांनी मेडिकलमधनं आणायला सांगितली तर बर्फाच्या पिशवीतनं आणा आणि सरळ दवाखान्यात न्या, मध्ये गणपत गल्लीत भाजी घ्यायला थांबू नका.

शंभर टक्के नाही हां. गालगुंडापुरतं बोलायचं तर एका डोसनं शंभरातले साधारण ७५ वाचतात, दोन डोसनी ८५ च्या वर. घेऊनही एखाद्याला होतं, पण हलकं जातं, आणि अंडकोष-मेंदूचे प्रकार खूप कमी होतात. टोचल्यावर आठ-दहा दिवसांनी थोडा ताप, पुरळ येऊ शकतं, क्वचित गाल थोडा सुजतो, आपोआप जातं. स्वमग्नता होते असा फॉरवर्ड येतो अधूनमधून, त्याचं मूळ १९९८ सालचा एक इंग्लंडमधला लेख, तो खोटा निघाला आणि २०१० मध्ये मासिकानंच मागं घेतला.

लस कशी आली तेपण मला डॉक्टरांनीच सांगितलं, मला आवडलं म्हणून लिहिते. १९६३ साली अमेरिकेत हिलमन नावाच्या शास्त्रज्ञाच्या पोरीचा रात्री गाल सुजला, पोरीचं नाव जेरिल लिन. बाप काय करतो, तिला झोपवतो आणि तिच्या घशातनं कापसाच्या काडीनं नमुना घेऊन प्रयोगशाळेत ठेवून येतो. त्याच विषाणूला दुबळा करत करत १९६७ मध्ये लस आली आणि त्या वाणाला अजून त्या पोरीचंच नाव आहे. आपल्याकडे पुण्यात बनते त्यात वाण दुसरा आहे, झाग्रेबचा. मी आपलं पोराला झोपवून पिपाणी फेकून दिली होती.

धाकटी माझी तीन वर्षांची, एमआर दोन्ही झालेल्या. भावाला झाल्यावर डॉक्टरांना विचारलं हिला आता टोचू का, म्हणाले आधीच लागण झाली असेल तर ही लस आता अडवणार नाही, पण नसेल झाली तर पुढच्यासाठी कामाला येईल, टोचा. टोचली, २५ दिवस रोज तिच्या कानाची पाळी बघत होते, नाही झालं. पुढचा डोस चार वर्षं पूर्ण झाल्यावर. तुम्ही सरकारी दवाखान्यात किंवा खाजगीत विचारणार असाल तर सरळ असं विचारा, "एमएमआर लसिके ऐतेन्री? एमआर अल्ला, मंगनबावूदू." (एमएमआर लस आहे का? एमआर नाही, गालगुंडाची.) समोरच्याला लगेच कळतं कुठली ते. आणि टोचल्यावर कार्डावर त्यांना तारीख आणि बॅच नंबर लिहायला लावा. मी त्या कन्नड ओळीच्या खाली बॉलपेननं मराठीत लिहून ठेवलंय: गालगुंड, पहिली झाली, दुसरी राहिली.